ऐंशी गाठींची वार

साखराबाईचे हात लहान होते. शाळकरी पोरीचे असावेत तेवढे. चकलांब्याच्या आसपास पाच-सहा गावांत त्या हातांना नाव होतं. कुणाची मेंढी अडली, कोकराची मान आत मागे वळली, की वस्तीवर मोटारसायकल यायची. साखराबाई मागे बसायची, मांडीवर गोडेतेलाची बाटली धरून. तिथे पोचली की बांगड्या वर सरकवायची, कोपरापर्यंत तेल लावायची आणि डोळे मिटून घ्यायची. डोळे कशाला मिटता, असं एका मास्तरांनी विचारलं होतं. आत दिवा न्हाई, ती म्हणाली, मग डोळ्याचं काय काम.

ऋतुजा तिची सून. गेवराईला बी.ए. केलेली. तिच्या माहेरच्यांनी मेंढरं विकून शेती धरली, त्याला वीस वर्षं झाली होती. त्यामुळे लग्न होऊन आली तेव्हा तिला मेंढीची धारसुद्धा काढता येत नव्हती. पहिल्याच महिन्यात एक मेंढी व्याली. साखराबाईने पडलेली वार उचलली, पाण्यात खळखळून धुतली आणि दगडावर पसरली. ऋतुजाने नाकाला पदर लावला. पातळ पडद्यासारखी ती वार, आणि तिच्यावर जागोजागी लाल गाठी. बोराएवढ्या. मोज, साखराबाई म्हणाली. एक जरी आत राहिली तर मेंढी सडते.

ऋतुजाने मोजल्या. अठ्ठ्याहत्तर भरल्या. साखराबाईच्या ऐंशी भरल्या.

"कॉलेजात मोजायला शिकवलं न्हाई व्हय?" ती म्हणाली. दोघी हसल्या. ऋतुजाला त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा हसू आलं होतं. त्या दिवसापासून ती सासूला मनापासून आत्या म्हणायला लागली.

संस्कृती झाली ती सिझरने. तेव्हा साखराबाईने दवाखान्यातून वार मागून घेतली, मडक्यात घालून घरी आणली आणि न्हाणीच्या मागे पुरली. तिच्या स्वतःच्या बाळंतपणांच्या वारा तिथेच होत्या. हरिओमचीही. लेकरू कुठंबी गेलं तरी वार घरात राहती, असं ती म्हणायची. हरिओम म्हणजे तिचा धाकटा, ऋतुजाचा नवरा. थोरले दोघे वर्षाचे व्हायच्या आत गेलेले.

दुसऱ्या वेळी पाचव्या महिन्यात गेवराईच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिली, पुन्हा पाहिली आणि संभाजीनगरला पाठवलं. हरिओम आणि साखराबाई बरोबर होते. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कागदाच्या पाठीवर पेनने एक पिशवी काढली. पिशवीच्या तोंडाशी एक जाड रेघ काढली. ही वार, त्या म्हणाल्या. ती खाली बसली आहे, मागच्या टाक्यांवर. आणि नुसती बसलेली नाही, टाक्यांमधून पिशवीच्या भिंतीत शिरली आहे. बाळंतपणात वार आपोआप सुटते, तशी ही सुटणार नाही. ओढली तर रक्त थांबणार नाही. म्हणून चौतिसाव्या आठवड्यात ऑपरेशन करायचं. बाळ काढायचं आणि त्याच वेळी पिशवीही काढायची.

पिशवी काढायची हे शब्द ऋतुजाने लहानपणापासून ऐकले होते. ऊसतोडीला जाणाऱ्या तिच्या मावशीची काढली होती. पण ती चाळिशीची होती. ऋतुजा पंचवीसची.

डॉक्टरीणबाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. वजन उचलायचं नाही. बत्तिसाव्या आठवड्यात इथे जवळ येऊन राहायचं. आणि रक्त दिसलं, एक थेंब दिसला, दुखत असो नसो, लगेच निघायचं. मग त्यांनी एक चौथी गोष्ट सांगितली. ऋतुजाने विचारलं म्हणून सांगितली. बाळ आत जितके दिवस राहील तितकं चांगलं, एकेक दिवस त्याच्या कामाचा आहे.

चारातली ही एकच गोष्ट ऋतुजाच्या मनात बसली.

साखराबाई दाराशी पदर तोंडावर धरून उभी होती. परतीच्या एसटीत तिने विचारलं, वार किती गाठींनी धरलीय म्हणाल्या त्या? ऋतुजाला माहीत नव्हतं. गाठींचं काही बोलल्याच नाहीत, ती म्हणाली. साखराबाई खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, घट्ट धरलीय म्हनल्या ना. मग बरंच हाय. घट्ट धरलंय ते आधी सुटत न्हाई. भ्या हाय ते नंतरचं.

ऋतुजाला ते पटलं. पटावं असंच तिला वाटत होतं.

दिवाळीनंतर मेंढरं गंगथडीला निघाली. गोदावरीकाठच्या शेतांतून फिरायचं, खतासाठी रात्री शेतात मेंढरं बसवायची, पावसाळ्याच्या तोंडी परत यायचं. दरसाल साखराबाई बरोबर असायची. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, मागून ती. तीस वर्षांत तिची एक खेप चुकली नव्हती. या वर्षी तिने नवऱ्याला, सिदूला, सांगितलं की तुमी बापलेक जा, मी हितं राहते. अशक्त मेंढ्या दहा-बारा मागे ठेवल्या आणि ती राहिली.

तिने ऋतुजाच्या बाजेच्या पायथ्याला दोन-दोन विटा लावल्या. पाय वर, डोकं खाली. अंग बाहेर आलेली मेंढी उतारावर अशीच निजवतात, म्हणजे ओझं आत सरकतं. ऋतुजाला रक्त डोक्यात चढल्यासारखं व्हायचं. ती म्हणायची, आत्या, मी घसरून पडेन खाली. साखराबाई म्हणायची, पड, पर हळू पड. पाणी ती आणायची, भाकरी ती टाकायची, संस्कृतीची वेणी ती घालायची, वेडीवाकडी. ऋतुजा उठायला लागली की दारातूनच ओरडायची, "कावून उठलीस? आमदारीन हायेस असं समज आन पडून राहा."

भिंतीवर बियाणांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. ऋतुजा रोज सकाळी एका तारखेवर काट मारायची. तिने चौतिसावा आठवडा जिथे भरत होता त्या तारखेला गोल केला होता. साखराबाईला आकडे वाचता येत नव्हते, पण त्या गोलापर्यंत किती चौकोन उरलेत ते ती बोटाने मोजायची. कोकरांची पहिली कातरलेली लोकर, तिला जावळ म्हणतात, तिने वेगळी ठेवली होती. त्या मऊ लोकरीचं एक हातभर घोंगडं तिने विणून घेतलं होतं. ते बाजेखाली पेटीत होतं.

गोलाला चौतीस दिवस उरले होते तेव्हा, मंगळवारी सकाळी, ऋतुजाला रक्त दिसलं.

दुखत काहीच नव्हतं. तिने हाक मारली तीही हळू मारली. साखराबाई आली. तिने बघितलं. ओंजळभर असेल. तिने लगेच फोन उचलला. एकशे आठ लावायला हरिओमने शिकवलं होतं, तीन बटणांच्या जागा तिला पाठ होत्या. ऋतुजाने तिचा हात धरला.

"आत्या, नका लावू."

बाई म्हनल्या होत्या ना, साखराबाई म्हणाली.

"गेलं की आजच कापतील. सात महिनेबी पुरते झाले न्हाईत. आत्या, दोन दिवस बघू. थांबलंय बघा. थांबलंय."

खरंच थांबलं होतं. साखराबाईने फोन खाली ठेवला नाही. दुसऱ्या हाताने तिने ऋतुजाचं पोट चाचपलं. मग फोन पदरात गुंडाळला आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. डोळे मिटले. बराच वेळ ती तशी बसली. पोट मऊ होतं. कळ नव्हती. बाळ फिरत होतं, तिच्या तळव्याखाली एकदा टाच आली.

डोळे उघडून ती म्हणाली, "एखादी गाठ सुटली आसंल. बाकीच्यांनी धरलंय."

ऋतुजाला दगडावर पसरलेली ती वार आठवली. बोराएवढ्या गाठी. ऐंशीतली एक गेली, एकोणऐंशी राहिल्या. तिला एकदम हलकं वाटलं. ती रडली. साखराबाईने तिचं तोंड पुसलं आणि सांगितलं की हरिओमला कळवायचं न्हाई, तो मेंढरं टाकून पळत यील.

बुधवारी सकाळी ऋतुजाने तारखेवर काट मारली. संध्याकाळी पुन्हा थोडं गेलं, पहिल्यापेक्षा कमी. साखराबाईने पुन्हा डोळे मिटून हात ठेवले. गुरुवारीही काट मारली. बत्तीस दिवस उरले.

गुरुवारी दुपारी ऋतुजा लघवीला म्हणून उठली आणि उंबऱ्यापर्यंत पोचली नाही. या वेळीही दुखलं नाही. फक्त पायांवर गरम काहीतरी आलं आणि येत राहिलं. संस्कृती दारात शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, आई, सांडलं.

साखराबाई गोठ्यातून धावत आली ती बघून उभी राहिली नाही. तिने शेजारच्या भगवानरावांना हाक मारली. जीप आली. जावळाचं घोंगडं, दोन लुगडी, हाताला लागेल ते तिने ऋतुजाखाली अंथरलं. गेवराईला सलाईन लावून अँब्युलन्समध्ये घातलं. संभाजीनगरपर्यंत साखराबाई तिचे पाय वर धरून उभी होती. ऋतुजाला त्या वाटेतलं एवढंच आठवतं. गाडीचं छत, आणि तिचे पाय धरलेले ते लहान हात.

ऑपरेशन सहा तास चाललं. रक्ताच्या बाटल्या किती चढल्या ते हरिओमला माहीत आहे. तो गंगथडीहून ट्रकमध्ये बसून आला होता. मेंढरांच्या तळावरची माणसं त्याच्यामागून रक्त द्यायला आली. मुलगा झाला. अकराशे ग्रॅम. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं.

तो दोन दिवस जगला.

ऋतुजाने त्याला पाहिलं नाही. तिला शुद्ध होती, पण ती दुसऱ्या कक्षात होती, नळ्यांमध्ये. हरिओमने मोबाइलवर फोटो दाखवला. नळ्याच जास्त दिसत होत्या. एक हात दिसत होता. मूठ मिटलेली. साखराबाईने काचेतून पाहिलं. ती दोन्ही दिवस तिथून हलली नाही. तिसऱ्या दिवशी सिदू आणि हरिओम त्याला घेऊन वस्तीवर गेले. घोंगडं जीपमध्येच राहिलं होतं. भगवानरावांच्या मंडळींनी ते धुऊन ठेवलं होतं, पुरतं वाळलं नव्हतं. त्यातच त्याला गुंडाळलं आणि बांधावरच्या बाभळीखाली ठेवलं.

साखराबाई दवाखान्यात मागे राहिली. तिने वार मागितली. साफसफाईच्या मावशींना मागितली, मग नर्सला. नर्स म्हणाली, ती पिशवीसकट तपासणीला गेली, आजी. ती पिशवीपासून सुटलीच नव्हती. साखराबाई डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेर जाऊन बसली. दुपारी त्या बाहेर आल्या. त्यांनी आधी तिला पाणी दिलं. मग म्हणाल्या, बोला.

तिने विचारलं, वारेच्या किती गाठी सुटल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. साखराबाईने बोटांनी दाखवलं, बोराएवढ्या. मेंढीच्या ऐंशी असतात, ती म्हणाली. एक सुटली तर बाकीच्या धरतात.

डॉक्टरीणबाईंनी आपला तळहात उघडून पुढे धरला. "माणसाची एकच असते, आजी. एकच. भाकरीएवढी."

साखराबाईने त्या तळहाताकडे पाहिलं. मग आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

हे ऋतुजाला नंतर नर्सने सांगितलं. साखराबाईने ते कधी सांगितलं नाही. तिने आणखी एक गोष्ट सांगितली नव्हती. ती हरिओमकडून कळली.

ऋतुजाला साध्या वॉर्डात आणलं त्या दिवशी तिला दूध आलं. छाती दगडासारखी झाली, चोळी भिजली. साखराबाईने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि घट्ट बांधायला घेतली. मेंढीचं कोकरू गेलं की तिला दुसरीचं पोरकं कोकरू लावतात. त्याच्या अंगाला तिच्या वारेचं पाणी चोळतात, म्हणजे ती त्याला आपलं समजून हुंगते. साखराबाईने हे किती वेळा केलं असेल. आत्ता ती नुसती पट्टी बांधत होती. दोघींच्या मनात तेच आलं असेल.

तेवढ्यात हरिओम आला. त्याने आईकडे पाहिलंही नाही. ती पट्टीची गाठ मारून बाहेर गेली. मग तो खाटेच्या कडेला बसला आणि म्हणाला, की डॉक्टरांनी विचारलं रक्त कधीपासून जात होतं, तेव्हा आईने सांगितलं.

"म्हणाली, परवापासून. पोरगी म्हणत होती जाऊ, मीच थांबवलं." त्याचा आवाज फुटला. "तू म्हणत होतीस आन तिनं थांबवलं. मेंढी हायेस का तू?"

ऋतुजाने तोंड उघडलं. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. हरिओमने तिचा हात हातात घेतला होता. दोन दिवसांपूर्वी त्याने लेकरू पुरलं होतं, नखांत अजून माती होती. तो गेल्यावर बोलू, असं तिने ठरवलं. मग तो परत आल्यावर. मग घरी गेल्यावर.

घरी आले त्याला आठवडा झाला तरी हरिओम आईशी बोलत नव्हता. भाकरी वाढली की खायचा. पाणी दिलं की प्यायचा. एका सकाळी तळेवाडीकडून एकजण मोटारसायकलवर आला. पहिलटकरीण मेंढी होती, रात्रीपासून अडलेली. साखराबाई अंगणात शेण गोळा करत होती. ती म्हणाली, दुसरं कुणी बघ बाबा. माझा हात आता चालत न्हाई. तो माणूस हसला, त्याला वाटलं म्हातारी रुसलीय. मावशे, तेलाची बाटलीबी मी आणलीय, तो म्हणाला. तिने मान हलवली. तो बराच वेळ उभा राहिला. हरिओम दारात होता. तो आत गेला.

त्या दिवशी हरिओमने बापाला फोनवर सांगितलं की आई तळावर येईल आणि ऋतुजाची आई इथे येऊन राहील. आईला त्याने सांगितलं नाही. तिने ऐकलं आणि बोचकं बांधायला घेतलं.

ऋतुजा उठून तिच्याजवळ गेली. टाके ओढत होते. बाजेखालच्या विटा तशाच होत्या.

"मी सांगते त्यांना, आत्या."

"काय सांगतीस?"

"मी थांबवलं म्हणून. तुम्ही तर फोन उचलला होता."

साखराबाईने बोचक्याची गाठ मारली. ती सोडली आणि पुन्हा मारली. "तू म्हनलीस खरं," ती म्हणाली. "तू काय, पोटुशी बाई. पोटुशी बाई काईबी म्हनती. पर हात माझा हुता. हातानं न्हाई म्हनायचं हुतं."

"पण ते बोलत न्हाईत तुमच्याशी."

"न बोलू दे. मला हितनं पुढं किती दिस काढायचेत. तुला त्याच्यासंगं जल्म काढायचाय, आन आता पोटाला दुसरं येनार न्हाई. त्याच्या मनात तुझ्याइषयी हे ऱ्हायलं तर रोज ताटात वाढून खावं लागंल." मग ती उठली. "माझ्या नावावर ऱ्हाऊ दे. मी म्हातारी हाय. लोक माझ्यावर राग धरतील आन इसरतील."

संस्कृतीने विचारलं, आजी कुठं चालली. ती म्हणाली, मेंढरांकडं. संस्कृती म्हणाली, माझी वेणी कोण घालणार. साखराबाई खाली बसली आणि तिने वेणी घातली. या वेळी सरळ आली.

ऋतुजाने तिला सांगू दिलं, जाऊ दिलं. हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं म्हणून माहीत आहे. ती म्हणते, मला भीती वाटत होती. कशाची, ते सांगत नाही.

पंधरा दिवस ती गप्प राहिली. तिची आई स्वयंपाक करायची आणि म्हणायची, त्या म्हातारीचं तोंड बघू नको. ऋतुजा ऐकायची. कॅलेंडरवर तो गोल तसाच होता. ती तारीख आली. चौतीस आठवडे त्या दिवशी पूर्ण झाले असते. सकाळी ऋतुजाने त्या गोलाकडे पाहिलं आणि काट मारायला पेन शोधलं. पेन मिळालं नाही. मग तिने हरिओमला फोन लावला.

तोही आईबरोबर तळावर परतला होता. मागून मेंढरांचा आवाज येत होता. तिने सगळं सांगितलं. मंगळवार सकाळ, फोन, तिने धरलेला हात, दोन दिवस बघू. ती कुठे थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. बोलून झाल्यावर ती वाट बघत राहिली. ओरड, असं तिला वाटत होतं. काहीतरी म्हण.

हरिओम हळू आवाजात म्हणाला, "आईनं सांगितलंच होतं."

"काय?"

"तू एक दिवस असं म्हणशील म्हणून. म्हणाली, ती लई मायाळू हाय, माझं पाप सोत्ताच्या अंगावर घील. तिचं ऐकू नको." तो थांबला. "नको मनाला लावून घेऊ, ऋतुजा. मला माहीत हाय खरं काय ते."

ती म्हणाली, शपथ घेते. तो म्हणाला, शपथ नको घेऊ. ती म्हणाली, संस्कृतीची. तो म्हणाला, लेकराची शपथ घेऊ नये, जेवून घे.

मागे एक कोकरू एकसारखं ओरडत होतं. मग साखराबाईचा आवाज आला, लांबून. कुणाचा फोन हाय ते तिने विचारलं नाही. तिला कळलं असावं. ती म्हणाली, "तिला म्हनावं, टाके वले करू नको. आन पान्याची घागर उचलू नको इतक्यात."

ऋतुजाला ते स्पष्ट ऐकू आलं. हरिओमने ते पुढे सांगितलं नाही. ठेवतो, एवढंच तो म्हणाला.